‘हो मॅडम’ : परावलंबी व्यक्तिमत्त्व विकारावरील सीबीटी शिकवताना

या प्रकरणातील रुग्णाने पहिल्या बारा सत्रांत एकही गृहपाठ चुकवला नाही, एकदाही उशीर केला नाही आणि थेरपिस्टच्या कोणत्याही म्हणण्याला एकदाही हरकत घेतली नाही. नैराश्याची तीव्रता मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर त्याचे गुण १८ वरून ७ पर्यंत उतरले होते. सीबीटीने, म्हणजे विचार आणि वागणे यांवर काम करणाऱ्या मानसोपचारपद्धतीने, उपचार करणारी प्रशिक्षणार्थी आनंदात होती आणि तिची पर्यवेक्षक म्हणून मीही समाधानी होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तेराव्या सत्राला तो आला तेव्हा त्याचे गुण १९ झाले होते आणि सलग तीन दिवस तो कामावर गेलेला नव्हता. त्या तीन महिन्यांत नेमके काय घडत होते आणि ते आम्हा दोघींपैकी एकीच्याही लक्षात का आले नाही, याचा शोध घेताना माझी शिकवण्याची रीत मला बदलावी लागली. रुग्णाची आणि प्रशिक्षणार्थीची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सत्रांचे ध्वनिमुद्रण रुग्णाच्या लेखी संमतीने झाले होते.

रुग्ण

रुग्ण ३७ वर्षांचा, विवाहित, सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत लिपिक. तो नऊ वर्षांचा असताना वडील वारले आणि अकरा वर्षांनी मोठ्या असलेल्या भावाने त्याला वाढवले, शिकवले, नोकरीला लावले आणि त्याचे लग्नही लावून दिले. एकत्र कुटुंब होते. मुलांच्या शिक्षणासाठी भाऊ पुण्याला राहायला गेला आणि त्यानंतर चार महिन्यांत रुग्णाला नैराश्याने गाठले. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध सुरू केले आणि थोडा उतार पडल्यावर त्याला आमच्याकडे पाठवले. दर शनिवारी तो अडीच तासांचा एसटी प्रवास करून स्वारगेटला उतरत असे. पहिल्या तीन सत्रांना भाऊ त्याला घ्यायला स्टँडवर आला आणि सत्र संपेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिला.

‘दादाला विचारून सांगतो’ हे त्याचे वाक्य पहिल्या मुलाखतीतच पाच-सहा वेळा आले. परतीची एसटी सहाची धरायची की साडेसहाची, हेही तो फोन करून ठरवत असे. पतसंस्थेत व्हाउचरवर सही करण्याआधी शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने ते पाहिले नाही, तर त्याचा हात पुढे सरकत नसे. रविवारी मटण आणायचे की नाही, मुलीला ताप आला तर कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचे, बायकोने माहेरी किती दिवस राहायचे, हे सारे दादा ठरवत. डीएसएम-५ या अमेरिकी निदानपुस्तिकेत परावलंबी व्यक्तिमत्त्व विकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराशिवाय काहीच ठरवता न येण्याच्या मुरलेल्या रीतीचे, आठ निकष आहेत आणि निदानासाठी त्यांतील किमान पाच लागतात. सविस्तर मुलाखतीत त्याच्या बाबतीत सहा निकष पूर्ण झाले.

येथे प्रशिक्षणार्थीने विचारलेला पहिला प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे थोरल्या भावाला विचारून करणे ही रीत आहे. मग हा विकार कशावरून? मुंबई-पुण्यात शिकलेल्या तरुण थेरपिस्टला एकत्र कुटुंबातील प्रत्येक सल्लामसलत दुबळेपणाची वाटू शकते, आणि त्याच कुटुंबात वाढलेल्या थेरपिस्टला खरे दुखणेही रीतीच्या नावाखाली दिसेनासे होते. डीएसएमनेही अशा निदानात वय आणि संस्कृती यांचा विचार करण्याची सूचना केली आहे, पण तो कसा करायचा हे शेवटी समोरच्या माणसाकडूनच कळते. आम्हाला ते रुग्णाच्या पत्नीकडून कळले. दुसऱ्या सत्रात तिला दहा मिनिटांसाठी बोलावले असता ती म्हणाली, “विचारून करणं आमच्याकडं सगळेच करतात. पण हे विचारून झाल्यावरही झोपत नाहीत.” प्रशिक्षण वर्गात मी निकषांची यादी पुष्कळदा शिकवली आहे, पण रीत आणि विकार यांतील सीमारेषा इतक्या नेमकेपणाने मला कधीच सांगता आली नव्हती. रीतीने विचारणाऱ्या माणसाला उत्तर मिळाले की तो निवांत होतो. या माणसाला उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न पडत होता, आणि विचारायला कोणी नसले की त्याचे हातपाय गळत होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘परावलंबी’ असा स्वतंत्र प्रकार उरलेला नाही. तेथे आधी विकाराची तीव्रता ठरवायची आणि मग स्वभावगुणांचे वर्णन करायचे, अशी मांडणी आहे. निदानाची भाषा बदलली तरी उपचारात ज्या धारणांना हात घालायचा त्या बदलत नाहीत, म्हणून या लेखात मी जुनेच नाव वापरले आहे.

प्रशिक्षणार्थी

ती भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला क्लिनिकल सायकॉलॉजीचा दोन वर्षांचा एम.फिल. पूर्ण करून तीन वर्षे काम करत होती. नैराश्य आणि चिंता यांवरील सीबीटी तिला चांगली येत होती. त्याआधी तिने आरईबीटीचे, म्हणजे अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीचे, प्रशिक्षण घेतले होते. महाराष्ट्रात ही पद्धत कि. मो. फडके यांच्या कार्यामुळे रुजली, आणि येथील अनेक समुपदेशकांप्रमाणे तीही त्याच वाटेने या क्षेत्रात आली होती. अविवेकी विचार हेरून त्याला थेट आव्हान देण्याचे तिचे कसब उत्तम होते. वाद घालणाऱ्या, आपले म्हणणे सहजी न सोडणाऱ्या रुग्णाबरोबर हे कसब फार उपयोगी पडते. जो माणूस कधीच वाद घालत नाही त्याच्यासाठी मात्र तेच आव्हान म्हणजे वरून आलेली आणखी एक आज्ञा ठरते. हे मला ठाऊक होते, परंतु या रुग्णाच्या बाबतीत वेळेवर आठवले नाही.

सीबीटीचा पाया घालणारे ॲरन बेक यांनी नैराश्यासाठी मांडलेली उपचारपद्धती १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आली. पुढे १९९० मध्ये आर्थर फ्रीमन आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी व्यक्तिमत्त्व विकारांसाठी तिचा विस्तार केला. या विस्ताराचा गाभा असा की, प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकारात काही वागण्याच्या रीती अतिवाढ झालेल्या असतात आणि काही खुंटलेल्या असतात. परावलंबी व्यक्तीत मदत मागणे आणि धरून राहणे यांची अतिवाढ झालेली असते, तर स्वतःच्या बळावर पुढे सरकणे खुंटलेले असते. मुळाशी ‘मी असहाय आहे’ ही धारणा असते. ही धारणा वर्षानुवर्षांची असल्यामुळे बारा-सोळा सत्रे सहसा पुरत नाहीत. ग्लासगो, लंडन आणि एअरशायर येथे सीमावर्ती (बॉर्डरलाइन, म्हणजे भावना आणि नाती फार अस्थिर असणारा) व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या १०६ रुग्णांवर केट डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही वर्षभरात तीस सत्रांपर्यंत उपचार देऊ केला होता.

पण सत्रांची संख्या वाढवणे हा या प्रशिक्षणाचा सोपा भाग आहे. अवघड भाग हा की, रुग्ण ज्या रीतीने आयुष्यात वागतो त्याच रीतीने तो थेरपिस्टशीही वागतो. रुग्णाची ही रीत त्रासदायक असते तेव्हा थेरपिस्टला ती लवकर दिसते. संशयी रुग्ण संमतीपत्रावर सही करायला नकार देतो, रागीट रुग्ण दार आपटून जातो, आणि सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे पर्यवेक्षकाबरोबरच्या बैठकीत, पहिली चर्चा त्याचीच होते. परावलंबी रुग्णाची रीत मात्र आदर्श रुग्णासारखी दिसते. तो वेळेवर येतो, लिहून घेतो, मान डोलावतो, आभार मानतो. नव्या थेरपिस्टला हे सारे प्रगतीचे लक्षण वाटते, कारण तिला स्वतःच्या कौशल्याविषयी धाकधूक असते आणि समोरचा माणूस दर आठवड्याला तिला सांगत असतो की तुम्ही फार छान समजावता.

बारा सत्रे आणि सुट्टी

पहिल्या बारा सत्रांचा आराखडा कागदावर निर्दोष होता. नैराश्यासाठी दिनक्रमाची नोंद आणि आनंद देणाऱ्या कामांची आखणी झाली. सहाव्या सत्रापासून विचारनोंदी, म्हणजे प्रसंग, त्यात आलेला विचार आणि तपासून काढलेला पर्यायी विचार लिहिणे, सुरू झाल्या. नवव्या सत्रापासून छोट्या निर्णयांची शिडी आखली गेली, जिची पहिली पायरी ‘परतीची एसटी फोन न करता ठरवणे’ ही होती. त्याने ती पायरी पहिल्याच आठवड्यात पार केली. दादांना होणारे फोन दिवसाला बारा-चौदावरून तीनवर आले. दर आठवड्याच्या सुपरव्हिजनमध्ये प्रशिक्षणार्थी मला वृत्तान्त सांगत असे आणि तिने स्वतः निवडलेले ध्वनिमुद्रणाचे पाच-सात मिनिटांचे तुकडे ऐकवत असे. संपूर्ण सत्र मी एकदाही ऐकले नव्हते.

दिवाळीसाठी ती बारा दिवस गावी गेली. अडचणीच्या वेळेसाठी म्हणून तिने त्याला स्वतःचा फोन नंबर देऊन ठेवला होता. तिसऱ्या दिवशी संदेश आला, “मॅडम, दादा म्हणतात पाडव्याला पुण्याला या. जाऊ का?” तिने उत्तर दिले की तुम्हाला योग्य वाटेल तसे करा. लगेच दुसरा संदेश आला, “म्हणजे जाऊ ना?” तिने पहिल्या चार संदेशांना उत्तरे दिली आणि मग, आपण सीमा पाळली पाहिजे या विचाराने, उत्तर देणे थांबवले. त्यानंतर सात संदेश आले. शेवटच्यात एवढेच होते, “मॅडम, माझं काही चुकलं का?”

तेराव्या सत्राला पीएचक्यू-९ मधील मरणाच्या विचारांविषयीच्या प्रश्नावर त्याने प्रथमच शून्याऐवजी एक हा आकडा लिहिला होता. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांनी त्याला तपासले. आत्महत्येचा बेत किंवा तयारी नव्हती. औषधाचा डोस वाढवला गेला, पत्नीला विश्वासात घेतले आणि पुढील दोन आठवडे मधल्या दिवशी एक ठरावीक फोन ठेवला. व्यक्तिमत्त्व विकार शिकवताना आपण धारणांविषयी तासन् तास बोलतो, परंतु आधी माणूस सुरक्षित आहे याची खात्री करायची हा क्रम कधीही बदलत नाही. तो प्रशिक्षणार्थीने अचूक पाळला.

फोन का कमी झाले होते, हे आता उघड झाले. दिवसाला तीन फोन दादांना जात होते आणि उरलेले सारे प्रश्न तो वहीत लिहून शनिवारी मॅडमकडे आणत होता.

वहीचे पान

त्या आठवड्यात मी तिसरे, सातवे आणि अकरावे सत्र सलग ऐकले आणि रुग्णाच्या परवानगीने त्याची गृहपाठाची वही मागवून घेतली. दोनशे पानी आखीव वही, निळ्या शाईत प्रसंग आणि विचार, लाल शाईत पर्यायी विचार. पतसंस्थेच्या खतावणीसारखे स्वच्छ अक्षर. एका पानावर पाच वेगवेगळ्या प्रसंगांसमोर लाल शाईत एकच वाक्य होते : ‘मदत मागणं वेगळं आणि निर्णय सोपवणं वेगळं.’ प्रसंग होते सहीचा, मुलीच्या तापाचा, एसटीचा, शेजाऱ्याच्या उसनवारीचा आणि सासऱ्यांच्या फोनचा. विचारनोंदीच्या शेवटच्या रकान्यात रुग्णाने पुराव्याची छाननी करून स्वतःचा निष्कर्ष लिहायचा असतो. येथे त्याने मॅडमचे वाक्य जपून ठेवले होते आणि प्रत्येक भीतीवर ते ताइतासारखे बांधत होता.

अकराव्या सत्रात ते वाक्य तिच्या तोंडी दोनदा ऐकू आले. त्या ४८ मिनिटांत रुग्ण ५७ वेळा ‘हो मॅडम’ म्हणाला. तिने प्रश्न पुष्कळ विचारले होते, पण बहुतेकांची रचना ‘म्हणजे दादा रागावतीलच असं नाही, बरोबर?’ अशी होती, ज्यांना होकाराशिवाय दुसरे उत्तर देताच येत नाही. क्रिस्टीन पडेस्की यांनी १९९३ मध्ये लंडन येथील भाषणात सॉक्रेटिक, म्हणजे रुग्णाला स्वतः विचार करायला लावणाऱ्या, प्रश्नांविषयी मूलभूत विचारणा केली होती, की आपण त्यांतून रुग्णाचे मत बदलू पाहतो की त्याच्या शोधाला वाट करून देतो. हा फरक मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. या सत्रात प्रश्नचिन्हे सर्वत्र होती आणि शोध कुठेच नव्हता.

थेरपिस्टचे कौशल्य मोजणाऱ्या, यंग आणि बेक यांच्या कॉग्निटिव्ह थेरपी स्केलवर अकरा बाबींना प्रत्येकी शून्य ते सहा गुण देतात. एकूण ६६ पैकी ४० गुण हा सक्षमतेचा प्रचलित उंबरठा आहे. या सत्राला मी ३१ गुण दिले. सत्राची विषयपत्रिका आणि गृहपाठ यांना पाच-पाच, सहकार्याला दोन, आणि मार्गदर्शित शोधाला, म्हणजे प्रश्नांतून रुग्णाला स्वतःच्या निष्कर्षापर्यंत पोहोचू देण्याला, एक.

हे गुण घेऊन मी सुपरव्हिजनला बसले. वहीच्या पानाची प्रत तिच्यासमोर ठेवली आणि विचारले, “हे वाक्य कुणाचं आहे?” ती बराच वेळ पानाकडे पाहत राहिली. मग तिने तिची सुपरव्हिजनची डायरी उघडली, मागची पाने चाळली आणि सप्टेंबरमधील एक नोंद माझ्यापुढे धरली. तेच वाक्य, माझ्या नावाच्या आद्याक्षरासह. ती म्हणाली, “मॅडम, हे तुमचं आहे. तुम्ही सांगितलं होतं, त्याला असं म्हण.”

माझ्याकडून काय चुकले

मी माझ्या नोंदी पाहिल्या. नऊ आठवड्यांच्या सुपरव्हिजनमध्ये प्रत्येक भेटीच्या शेवटी मी तिला पुढच्या सत्रात काय करायचे ते सांगितले होते आणि प्रत्येक वेळी तिने ते जसेच्या तसे केले होते. “मॅडम, पुढं काय करू?” हा तिचा नेहमीचा प्रश्न मला शिकण्याच्या उत्सुकतेचा वाटे, आणि मी उत्साहाने उत्तर देत असे. हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच दाखवून दिले होते की रुग्ण आणि थेरपिस्ट यांच्यातील नाते सुपरव्हिजनच्या खोलीत प्रतिबिंबित होते. ते मनोविश्लेषणाच्या परंपरेतले. सीबीटीचे लोक या निरीक्षणाकडे कमी वळतात, आणि माझ्या मते ही आपली उणीव आहे. येथे तर प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी पडत होते. रुग्ण दादांना विचारत होता, मग मॅडमना विचारू लागला. मॅडम मला विचारत होत्या. आणि मी दादांसारखीच मायेने, तत्परतेने सांगत होते. माझे वाक्य दोन वह्यांमधून प्रवास करून एका माणसाच्या गळ्यातला ताईत झाले होते, आणि तिच्या दृष्टीने तिने सांगितलेले काम केले होते.

यात तिच्या स्वभावाचा भाग होता, तसाच आपल्याकडच्या शिकण्याच्या रीतीचाही. ज्येष्ठांनी सांगायचे आणि कनिष्ठांनी उतरवून घ्यायचे, हे शाळेपासून एम.फिल.पर्यंत चालते. त्या रीतीत आदर आहे आणि मी तो कमी लेखत नाही. पण ज्या उपचाराचे ध्येय रुग्णाने स्वतः ठरवायला शिकणे हे आहे, तो उपचार हुकमाने शिकवता येत नाही, कारण हुकूम ऐकून काम करणारी थेरपिस्ट पुढे रुग्णाला हुकूमच देते, मग तो कितीही गोड शब्दांत का असेना.

त्यानंतर सुपरव्हिजनमध्ये तीन बदल केले. ऐकायचा तुकडा तिने निवडायचा नाही. सत्र संपूर्ण मिळेल आणि त्यातील कोणतीही दहा मिनिटे मी घेईन. स्केलचे गुण आम्ही दोघींनी वेगवेगळे द्यायचे आणि फरक पडेल तेथेच चर्चा करायची. आणि प्रश्न आणताना तिने स्वतःचे उत्तरही आणायचे. ते ऐकण्याआधी मी बोलायचे नाही. तिसरा बदल मला सर्वांत जड गेला.

थेरपिस्टने तंत्र स्वतःवर वापरून पाहावे आणि त्यावर चिंतन करावे, ही जेम्स बेनेट-लेव्ही यांनी विकसित केलेली रीत येथे उपयोगी पडली. तिने स्वतःची विचारनोंद भरली. प्रसंग : रुग्ण प्रश्न विचारून गप्प बसतो. विचार : ‘मी काही दिलं नाही तर त्याला वाटेल, ही शिकाऊ आहे.’ ‘तसं झालं तर त्याचा अर्थ काय?’ असे विचारत खाली बाण काढत गेल्यावर शेवटी आले, ‘मी उपयोगी पडले तरच मला किंमत.’ एकाला आधार हवा होता आणि दुसरीला आधार द्यायचा होता. बारा सत्रे इतकी सुरळीत का चालली याचे उत्तर त्या कागदावर होते.

पुढील सत्रे

चौदाव्या सत्रात तिने त्याला मोकळेपणाने सांगितले, “गेले तीन महिने मी तुम्हाला उत्तरं देत आले आणि तुम्ही ती मनापासून लिहून घेतलीत. दादांच्या जागी मी आले, एवढंच झालं असावं, असं मला वाटू लागलंय. तुम्हाला काय वाटतं?”

तो म्हणाला, “हो मॅडम, बरोबर आहे.”

ध्वनिमुद्रणात यानंतर तिचा श्वास ऐकू येतो. कितीही प्रांजळ निरीक्षण मांडले तरी हा माणूस त्यालाही होकारच देणार, हे तिला त्या क्षणी कळले, आणि ते कोणत्याही व्याख्यानातून कळले नसते. तिने तेथल्या तेथे उपाय काढला, आणि तो पूर्णतः तिचा होता. सीबीटीच्या प्रत्येक सत्राच्या शेवटी रुग्णाचा अभिप्राय विचारतात. तिने त्या अभिप्रायालाच गृहपाठाचे रूप दिले : दर सत्रात तिने म्हटलेल्या किंवा केलेल्या गोष्टींपैकी न पटलेली एक गोष्ट त्याने सांगायची.

पहिल्या वेळी त्याने पाच मिनिटे विचार करून सांगितले की खोलीतला पंखा फार जोरात असतो. मी असते तर कदाचित हसून पुढे गेले असते. तिने उठून पंखा दोनवर आणला आणि विचारले, हे सांगण्याआधी मनात काय आले होते? तीन महिने तो त्या पंख्याखाली अंग चोरून बसत होता. मॅडमना वारा लागत असेल, असे त्याला वाटत होते.

सतराव्या सत्रात त्याने विचारले की पतसंस्थेतील बढतीचा अर्ज भरू का. तिने दोन्ही बाजूंविषयी प्रश्न विचारले आणि उत्तर दिले नाही. त्याचा आवाज एकदम चढला. “मग मी इथं येतो कशाला? अडीच तास एसटीत बसून प्रश्नच ऐकायचे असतील तर घरी काय कमी प्रश्न आहेत?” त्यानंतर ध्वनिमुद्रणात ३८ सेकंद काहीच नाही. ती नंतर मला म्हणाली की तिच्या जिभेवर ‘भरा ना, नक्की भरा’ हे शब्द आले होते आणि तिने खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला होता. मग ती म्हणाली, “तुम्ही माझ्यावर रागावलात आणि तसं बोलून दाखवलंत. आता पुढं काय होईल असं वाटतंय?”

“तुम्ही मला दुसऱ्या कुणाकडं पाठवाल.”

“किती खात्री वाटते?”

“नव्वद टक्के.”

तिने ते तारखेसह कागदावर लिहिले, त्याची सही घेतली आणि पुढच्या शनिवारी पडताळून पाहू असे सांगितले. त्याच्या मुळाशी असलेले गृहीतक, ‘मी माझ्या मनाचं बोललो तर माणसं मला सोडून जातील’, प्रथमच अशा ठिकाणी तपासले जात होते जेथे भीती खरी होती आणि माणूस समोर बसलेला होता. वर्तनप्रयोगाची, म्हणजे भीती प्रत्यक्ष वागून तपासण्याची, उदाहरणे शोधायला आपण नेहमी बाहेर जातो, बाजारात, कचेरीत, नातेवाइकांत. व्यक्तिमत्त्व विकारात पुष्कळदा सर्वांत मोलाचा प्रयोग थेरपिस्टच्या खोलीतच असतो, मात्र त्यासाठी थेरपिस्टला आपल्यावर कोणीतरी नाराज आहे हे सोसता यावे लागते. पुढच्या शनिवारी तो दहा मिनिटे आधी आला आणि दारातच म्हणाला, “मॅडम, कागद काढा.”

निर्णयांची शिडी नव्याने आखली, या वेळी पायऱ्यांचा क्रम त्याने लावला. प्रत्येक पायरीआधी भाकीत, नंतर प्रत्यक्ष काय झाले, आणि चुकले तर काय निस्तरावे लागले. शेवटचा रकाना त्याने सुचवला होता. एकदा व्हाउचरवरचा आकडा खरोखरच चुकला, व्यवस्थापकांनी बोलावून घेतले आणि दुरुस्ती करून प्रकरण मिटले. सगळे ठीक झालेल्या दहा प्रसंगांपेक्षा या एका चुकीने ‘मी असहाय आहे’ या धारणेला अधिक धक्का दिला, असे माझे मत आहे, कारण त्याची खरी भीती चुकीनंतर कोसळून पडण्याची होती. त्या धारणेवरील त्याचा विश्वास चौदाव्या सत्रात शंभरपैकी ९५ होता आणि सव्विसाव्या सत्रात ५५. औषधाचा डोस वाढल्याचाही यात वाटा असेल; एका रुग्णावरून तो वेगळा काढता येत नाही. त्या सत्राला मी स्केलवर ४३ गुण दिले आणि तिने स्वतःला ३९. मार्गदर्शित शोधाला दोघींनीही चार दिले होते.

भावापासून दूर करणे हे उपचाराचे उद्दिष्ट आम्ही कधी ठेवले नाही, किंबहुना सुरुवातीच्या आराखड्यात प्रशिक्षणार्थीने लिहिलेले ‘स्वतंत्र होणे’ हे शब्द बदलून त्याच्याच भाषेत ‘दादा असताना आणि नसतानाही ठरवता येणे’ असे केले. फेब्रुवारीत मुलीच्या पहिलीच्या प्रवेशाचा प्रश्न आला. दादांचे मत इंग्रजी माध्यमाचे होते. त्याने आणि पत्नीने गावातील सेमी-इंग्रजी शाळा निवडली, प्रवेश घेतला, आणि मग दादांना कळवले. दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दप्तराचे पैसे पाठवले. रुग्ण आजही रोज रात्री भावाला फोन करतो आणि आम्ही तो फोन लक्षणांमध्ये मोजत नाही.

सत्तावीस सत्रांनंतर भेटी पंधरा दिवसांवर नेल्या. जूनमध्ये बत्तिसाव्या सत्रात प्रशिक्षणार्थीने विचारले की यापुढे किती अंतराने भेटायचे. तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “बायकोशी बोलून सांगतो.”

ते दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण आम्ही दोघींनी वेगवेगळे ऐकले. जुने वाक्य नव्या माणसाकडे वळले आहे, असे मला वाटले आणि त्यावर लगेच काम करावे असे माझे मत होते. मी बोलण्याआधी, ठरल्याप्रमाणे, तिने स्वतःचे उत्तर सांगितले : शनिवारचा प्रवास, त्याचा खर्च आणि मुलीला सांभाळणे यात पत्नी भागीदार आहे, तिच्याशी बोलणे ही रीत आहे, त्या रात्री तो झोपला की नाही एवढे विचारायचे. पुढच्या सत्रात तिने तेवढेच विचारले. तो झोपला होता, आणि तीन महिन्यांनंतरची तारीख ठरवून आला होता.